दारासमोर बाजा बंद

चिखली
३ डिसेंबर २०२३

चि. गोपाल,

पाकीट पाहून तू आधी घाबरशील. हल्ली पत्र येतं ते बँकेचं नाहीतर कोर्टाचं. घाबरू नको, हे तुझ्या बापाचं आहे. फोन कानाला लावला की बोलणाऱ्याचा आवाज सुईसारखा डोक्यात घुसतो. स्पीकरवर टाकला तरी तेच, म्हणून कागद घेऊन बसलो. कागद स्वतः गप्प राहतो आणि आपलं सगळं ऐकून घेतो. असा नातेवाईक मला अजून भेटायचा आहे.

दिवाळीला तुमची वाट पाहिली. तुझ्या मायनं करंज्या केल्या, अनारसे केले. चकली केली नाही. ती माझ्याच तोंडात मोडते आणि तिचा आवाज मलाच सोसत नाही. चिखली तालुक्यात चकलीला भिणारा माणूस मी एकटाच असेन. करंज्या तुमच्यासाठी डब्यात ठेवल्या होत्या, परवा शेजारी वाटून टाकल्या.

मी काय बोललो, तू काय बोललास, ते पुन्हा उगाळायचं नाही असं ठरवूनच बसलो आहे. एवढंच लिहितो की घराबाहेर जा असं मी तुला म्हटलं नव्हतं. तुझ्या डीजेच्या बॉक्सना म्हटलं होतं. तू बॉक्सबरोबर बायको, पोरगी आणि स्वतःलाही पिकअपमध्ये घालून थेट संग्रामपूरला सासुरवाडीच्या गावी जाशील हे माझ्या डोक्यात आलं नाही.

संजीवनीच्या माहेरी अजून म्हणतात म्हणे की म्हातारा सोंग करतो. त्यांना तू नीट समजावून सांगावं म्हणून सविस्तर लिहितो. कापसाच्या जिनिंगमध्ये उभा जन्म फिटर म्हणून गेला. त्या मशिनींत कान जातात हे सगळ्यांना माहीत असतं. बहिरा झालो असतो तर लोकांनी समजून घेतलं असतं, माझं मात्र उलटं झालं. त्या मोठ्या तापातून उठलो आणि सगळंच मोठं ऐकू यायला लागलं. चमचा खाली पडला तर पत्रा पडल्यासारखा वाटतो. डोकं गरगरतं, उलटी होते. बुलढाण्याच्या डॉक्टरनं एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि औषध नाही म्हणाला.

तेव्हा घर आम्ही असं चालवतो. कुकर देऊन टाकला, वरण पातेल्यात शिजतं. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळली आहे. मधल्या खोलीला चारी बाजूंनी बारदाना ठोकला, खिडकीवर गोधडी टांगली. दोघांचे फोन आवाज बंद करून गव्हाच्या कोठीत ठेवलेले असतात, आठवण झाली की तुझी माय काढून पाहते. बाहेर गोंगाट झाला की मी त्या खोलीत जाऊन बसतो. तुझी माय आता जवळजवळ ओठांनीच बोलते. हसू आलं तर पदर तोंडात धरते. भजनी मंडळ तिनं सोडलं, घरी सराव करता येत नाही म्हणून. मी सोड म्हटलं नव्हतं.

गल्ली चांगली आहे. शेजारचा इंद्रभान ग्रील-गेट बनवतो, त्याचा कटर लोखंडाला लागला की माझ्या दाढा हलतात. पण तो बिचारा कटर सुरू करण्याआधी भिंतीवर लाल फडकं टाकतो. ते दिसलं की मी आत. विहाराच्या भोंग्याचं तोंड त्यानं आमच्याकडून दुसरीकडे वळवून घेतलं. ते पाहून मारुतीच्या देवळाचं बघणाऱ्या नारायणरावांनी तिथला भोंगाही फिरवला. एका माणसाच्या कानासाठी दोन देवस्थानांनी तोंड फिरवलं.

संक्रांतीला ये. पिकअप घेऊन आलास तरी चालेल, रिकामी आण.

तुझा
बाबा


चिखली
१८ फेब्रुवारी २०२४

चि. गोपाल,

संक्रांत गेली. असो. आज मी खुशीत आहे, म्हणून रुसवा बाजूला ठेवून लिहितो.

लग्नसराई सुरू झाली आणि माझे हाल सुरू झाले, ते तुला सांगायला नको. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला आपल्याच गल्लीतून जातो आणि त्याच्यापुढे डीजे. तुझा धंदा आहे, मी वाईट बोलत नाही. पण बॉक्स दारासमोर आला की मधल्या खोलीत बारदान्याआडही माझी छाती हलते. मागच्या महिन्यात एकदा मी स्वतः रस्त्यात जाऊन हात जोडले. डीजेवाल्या पोरानं खाली वाकून म्हटलं, "काका, कान दुखून राह्यले तं कापूस टाका ना." आणि आवाज आणखी वाढवला. मी रस्त्यातच ओकलो. वऱ्हाडी म्हणाले, म्हातारा प्यायला दिसते.

ते इंद्रभाननं पाहिलं. पुढच्या लग्नाला तो कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला आणि डीजेवाल्याला एवढंच म्हणाला, "भाऊ, त्या निळ्या दाराच्या घरी मयत झाली."

गोपाल, जादू झाल्यासारखा बाजा बंद. नाचणारी पोरं जागच्या जागी थांबली. नवरदेवानं घोडीवरून आपल्या दाराला हात जोडले. पार पुढे विजेच्या खांबापर्यंत सगळे खाली माना घालून चालत गेले. आपल्या लोकांचं मला नवल वाटतं. जित्या माणसाच्या दुखण्यासाठी कोणी बटण दाबणार नाही, पण मेलेल्याला सगळे मान देतात. मी गोधडीच्या फटीतून माझी स्वतःची मयत पाहत होतो आणि पोट धरून हसत होतो.

तेव्हापासून तेच चालू आहे. कोपऱ्यावर इंद्रभान नसला तर त्याची बायको चांगुणा असते. प्रत्येक मुहूर्ताला मी एकदा मरतो. गल्लीतल्यांना ठाऊक आहे, बाहेरच्यांना काय कळतं? नारायणरावांना हे फारसं पटलं नाही, पण आता तेही कोपऱ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करतात.

तुझी माय मात्र भडकली आहे. हळू आवाजात भडकते, पण भडकते. इंद्रभानला म्हणाली, "भाऊ, बोलाच्या आधी माह्या कपाळाकडं तं पाहत जा." त्या दिवसापासून कुंकू रुपयाएवढं लावते आणि मिरवणूक आली की मुद्दाम दारात उभी राहते. मी तिची चेष्टा केली तर म्हणाली, "असं बोलू नाही. घर आयकत असते."

मी म्हटलं, घराला माझ्यासारखे कान नाहीत.

संजीवनीला आशीर्वाद. माझ्या नातीला, पुष्पांजलीला गालगुच्चा.

बाबा


चिखली
२९ एप्रिल २०२४

गोपाल,

हे पत्र मी आधी दोनदा लिहून फाडलं.

तू ज्याच्यावर चिडला आहेस ती गोष्ट माझ्या बाजूनं कशी घडली, एवढं तरी वाच. त्या दिवशी मी ओसरीत बसून चहात पोळी बुडवून खात होतो. निवडणुकीचे भोंगे नुकतेच संपले होते, म्हणून जरा बाहेर बसायची हिंमत केली होती. गल्लीच्या कोपऱ्यावर जीप थांबली आणि बायांनी तिथूनच गळा काढला. मला वाटलं, गल्लीत कोणीतरी गेलं. आपल्याकडची रीतच आहे, मयतीच्या घरी माणूस कोपऱ्यापासून रडत येतो, गप्प आला तर लोक नावं ठेवतात. मी दार लावायला उठलो. दार लावता लावता तू दिसलास.

संग्रामपूरकडचा डीजेवाला त्या आठवड्यात एका वऱ्हाडाबरोबर इथे आला होता, आपलं घर तो ओळखत होता, त्यानं परत जाऊन तुला सांगितलं, हे मला नंतर कळलं. तू किती फोन लावलेस तेही नंतर कळलं. फोन कोठीत गव्हात पडलेले होते. इंद्रभानलाही लावलास, तेव्हा तो कटर चालवत होता. तुला वाटलं, बाप मेला आणि मला कळवलंही नाही. मी तुझ्या जागी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

मला जिवंत पाहून तू थांबशील असं मला वाटलं होतं. तू थांबला नाहीस. तू आणखी मोठ्यानं रडलास. 'बाबा' म्हणून अशी हाक मारलीस की इतकी मोठी हाक तू लहानपणी विहिरीत पाय घसरला तेव्हाही मारली नव्हतीस. आणि तुझे हात माझ्याकडे येत असताना माझे हात माझ्या कानावर गेले. मी 'हळू' म्हणालो.

माझे हात माझ्या आधी उठतात, गोपाल. मला विचारून उठत नाहीत. डोळ्यासमोर काही आलं की पापणी मिटते, तसं. तेवढ्यात तुझ्या सासूबाईंनी 'म्हटलं नव्हतं का' अशा नजरेनं तुझ्याकडे पाहिलं, तेही मी पाहिलं.

"बाबा, तुमाले माहं रडणंबी आवाजच वाटते काय?" असं तू म्हणालास. मग खोट्या मयतीची भानगड कळल्यावर तू म्हणालास, "माह्या धंद्यापायी तुमी मेल्याचं सोंग घेतलं." हे मात्र खरं नाही. मी सोंग घेतलं ते जगता यावं म्हणून. तुझ्यावर उगवायला नाही.

तू जीपमध्ये बसलास तेव्हा तुझी माय तांब्या घेऊन मागे आली होती. संजीवनीनं हात पुढे केला होता, तू ड्रायव्हरला निघ म्हणालास. पोरगा दारातून पाणी न पिता गेला, हे तिला फार लागलं आहे. त्या दिवशी रात्रीचं तिनं काही शिजवलं नाही.

इंद्रभानचा नंबर तू ब्लॉक केलास असं तो म्हणतो. त्याच्यावर राग धरू नको. तो भला माणूस आहे, त्याच्या जिभेवर माझंच दुखणं होतं. रागवायचं तर माझ्यावर रागव, पण येऊन रागव.

बाबा


चिखली
१२ सप्टेंबर २०२४

चि. गोपाल,

गणपती बसले आहेत. मी मधल्या खोलीतच आहे. आरतीच्या वेळी तुझी माय माझ्या कानावर उशी धरून बसते आणि देवाला मनातल्या मनात ओवाळते.

तिची तब्येत बरी आहे. पाण्याची बादली उचलली की जरा दम लागतो, पायांवर सूज येते, पण वयाच्या मानानं ठीक. तिनं तुला कळवू नको म्हटलं आहे. म्हणाली, "त्याले वाटन, हे बी नवीन नाटक हाये." तेव्हा कळवत नाही, नुसतं लिहितो आहे.

एवढ्यात एक लांब गाडी पुण्यापर्यंत डीजे घेऊन जाते असं ऐकलं. तुझी असेल तर सांभाळून चालव.

सध्या गल्लीत लग्न नाही, त्यामुळे मी जिवंत आहे.

बाबा


चिखली
२२ डिसेंबर २०२४

गोपाल,

तुला सगळं माहीत आहे असं समजून मी हे लिहीत नाही. तू स्मशानात आलास तेव्हाचं तुला माहीत आहे. त्याआधीचं नाही.

सकाळी तिनं अंगण झाडलं. झाडू भिंतीला टेकवला, ओट्यावर बसली. मी आत होतो. भिंतीवर लाल फडकं होतं, कटर चालू होता. कटर बंद झाल्यावर मी चहासाठी बाहेर आलो, तर ती तशीच बसलेली होती, भिंतीला डोकं लावून. मला वाटलं, उन्हात डोळा लागला. मी तिला हाक मारली नाही. आमच्या घरात कोणी हाक मारत नाही. जवळ जाऊन खांद्याला हात लावला, तेव्हा कळलं.

तिनं ओट्यावरून मला आवाज दिला होता का, हे मी इंद्रभानला विचारलं. त्याला तरी कसं कळणार, तो कटर चालवत होता. हा प्रश्न आता जन्मभर माझ्याजवळ राहील. तुझ्यावर त्याचं ओझं नको.

तुला फोन चांगुणानं केला, तिच्या मोबाईलवरून. तू एका लग्नात होतास. ती म्हणाली, "गोपाल, तुही माय गेली रे." तू काय म्हणालास ते तिनं मला सांगायचं टाळलं होतं, पण मी समोरच होतो. तू म्हणालास, "काकू, आता कोनाचा डीजे बंद कराचा हाये?" आणि फोन ठेवलास. ती दुसऱ्यांदा लावायला गेली तर भलताच नंबर दाबला गेला. मी म्हटलं, दे इकडे.

किती वर्षांनी मी फोन कानाला लावला. पलीकडे तुझा डीजे वाजत होता. डोळ्यांसमोर पांढरं झालं, पण फोन काढला नाही. मी म्हणालो, "गोपाल, तुही माय गेली." हल्ली मी जसा बोलतो तसाच बोललो. तू म्हणालास, "कोन? हॅलो? आवाज नाही येऊन राह्यला." मी पुन्हा तेच बोललो. तू पुन्हा हॅलो म्हणालास. मग मी ओरडलो. जिनिंगमध्ये सगळ्या मशिनी चालू असताना ह्या टोकाहून त्या टोकाच्या माणसाला ओरडायचो, तसा ओरडलो. माझाच आवाज माझ्या डोक्यात फुटला आणि मी खाली बसलो. चांगुणानं माझ्या हातातून फोन घेऊन पाहिला. लाईन आधीच कट झाली होती.

अंगणात बाया जमल्या होत्या. तोवर एकीनंही गळा काढला नव्हता. सगळ्या तोंडात पदर धरून बसल्या होत्या, माझ्या कानासाठी. तुझ्या मायच्या मयतीत कोणी मोठ्यानं रडत नव्हतं, गोपाल. मी ओरडलो तेव्हा त्यांना रडायला मिळालं. मी आत गेलो नाही. तिथेच बसून ऐकलं.

तुझी वाट पाहिली. नारायणरावांनी दोन वेळा विचारलं, मी दोन्ही वेळा थांबा म्हटलं. चांगुणाच्या फोनवरून संजीवनीला खात्री पटली आणि तिनं तुला गाठलं असा निरोप आला तेव्हा दिवस कलायला आला होता. दिवस बुडायच्या आत नेलं पाहिजे असं सगळे म्हणाले. ती सवाष्ण गेली, हिरवं लुगडं नेसवलं, कुंकू तिला आवडायचं तसं ठसठशीत लावलं. एवढी लग्नं गेली, बाहेरचे लोक मला मेलेला समजून हात जोडत राहिले, आणि दारात उभी राहून ते हात ती घेत होती. अग्नी मी दिला. ते काम तुझं होतं.

तू आलास तेव्हा चिता अर्ध्यावर आली होती. तू माझ्याजवळ आलास आणि अगदी हळू बोललास. मला सोसेल इतकं हळू. "बाबा, या घरातलं खरं मरण वळखाचं कसं?"

राख सावडून तू तिकडूनच गेलास, घराचा उंबरा चढला नाहीस. तेरवी तू तिकडे वेगळी केलीस असं संजीवनीनं चांगुणाला कळवलं. बरं केलंस. तिला दोनदा जेवण मिळालं.

मला ती हवी आहे. दुसरं काय लिहू? घरात आता कसलाच आवाज नाही, आणि मला तिचा मोठा आवाज आठवत नाही. आठवायला बसलो की ओठ हलताना दिसतात, ऐकू काही येत नाही.

बाबा


चिखली
४ मे २०२५

चि. गोपाल,

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. चांगुणानं मला हल्लीच सांगितली. तुझी माय भजन सोडून बसली असं मी समजत होतो. तसं नव्हतं. इंद्रभाननं भिंतीवर लाल फडकं टाकलं की मी मधल्या खोलीत जायचो आणि ती मागच्या मोरीवर भांडी घेऊन बसायची. कटर सुरू झाला की गायला लागायची, पूर्ण गळ्यानं. कटर थांबला की तीही थांबायची. चांगुणा म्हणते, इंद्रभान कधी कधी काम संपल्यावरही थोडा वेळ रिकामाच कटर चालू ठेवायचा, तिचं कडवं पुरं व्हावं म्हणून. ज्या आवाजापासून मी पळत होतो त्याच्या आड माझी बायको गात होती. आता मला त्या कटरचा राग येत नाही. त्रास होतो, तो होतोच, पण राग येत नाही.

तू बॉक्स विकायला काढलेस असं ऐकलं. विकू नको. कोणाच्या तरी लग्नात ते वाजलेच पाहिजेत. तुझं पोट आहे त्याच्यावर, आणि तुला ते काम येतं. मी फिटर होतो, मला कळतं, येणारं काम सोडून माणसाचं भलं होत नाही.

आता मुख्य गोष्ट. तू स्मशानात मला जे विचारलंस, त्याच्यावर मी हे सगळे महिने विचार केला. फाल्गुनात लग्नं सुरू झाली तेव्हा इंद्रभान नेहमीसारखा कोपऱ्यावर निघाला. या वेळी तर खोटं बोलायचीही गरज नव्हती, घरात वर्षाच्या आत मयत झालेली होती. मी त्याला थांबवलं. म्हटलं, "इंद्रभान, आता कोनालेच काही सांगू नको. वाजू दे." तो म्हणाला, "काका, तुमाले सोसन काय?" मी म्हटलं, नाही सोसणार, पण वाजू दे. नारायणराव घरी येऊन समजावून गेले, वर्षभर तरी गल्ली बाजा बंद ठेवेल म्हणाले. त्यांनाही मी हात जोडले.

पहिल्या मिरवणुकीला मी खोलीत ओकलो. दुसऱ्या वेळीही. चांगुणा येऊन माझं डोकं धरून बसली. कालचं लग्न मोठं होतं, दारासमोर बराच वेळ नाचले. मी उशी धरून होतो, उठलो नाही. सवय झाली असं नाही. सवय होणारं हे दुखणं नाही. पण आता मला माहीत असतं की हे मी कशासाठी सोसतो, म्हणून तेवढा वेळ निघतो.

तू तुझ्या धंद्यातल्या सगळ्यांना सांगून ठेव. चिखलीत निळ्या दाराच्या घरापुढे आता कोणी डीजे बंद करत नाही, तिथला म्हातारा कितीही तळमळला तरी. कोणी बंद करायला सांगितलंच, तर ते खोटं नसेल. तुझा कोणी ओळखीचा परत आला आणि म्हणाला, गोपाल, तुमच्या घरासमोर आमचा बाजा थांबवला, तर कोणाला फोन लावू नको. कोणाला विचारू नको. जिथे असशील तिथून निघ. कितीही मोठं लग्न असलं तरी निघ. दिवस बुडायच्या आत पोचशील.

आणि येशील तेव्हा कोपऱ्यापासून रडत ये, आपल्या रीतीनं, पूर्ण गळ्यानं. गल्लीतल्या बायांनाही तसंच सांगून ठेवलं आहे.

त्याआधी आलास तर दार उघडंच आहे, पण तसं मी मागत नाही. तुला किती लागलं आहे ते मला कळतं.

आजही मुहूर्त आहे. वेशीकडून डीजेचा आवाज येऊ लागला आहे. तो जवळ येतो आहे तोवर मी सुखरूप असल्याचं तुला कळवतो.

तुझा
बाबा